राष्ट्राध्यक्षांची ती दुपार

विनिफ्रेड पील आली तेव्हा तिचे केस नीट विंचरलेले होते, कोटाला इस्त्री होती, पण डोळ्यांवरून दिसत होतं की बाई रात्रभर रडली आहे.

"मी चोर आहे म्हणे," एवढंच बोलून ती खुर्चीत बसली.

लव्हिनिया क्रम्प ही वॉशिंग्टनमधली खाजगी गुप्तहेर. नाकावर माशी बसू देत नाही. तिच्याबरोबर कायम तिचा धाकटा दीर रूफस असतो. निवृत्त पोस्टमन, माणूस सोन्यासारखा, फक्त डोक्यात उजेड पडायला अंमळ वेळ लागतो. त्याने न विचारता विनिफ्रेडपुढे कॉफी ठेवली.

हकीकत अशी. विनिफ्रेड व्हाइट हाऊसमध्ये सचिव. तिच्या देखत राष्ट्राध्यक्ष आले नि गेले, ही मात्र आपल्या टेबलाशी कायम. गेल्या महिन्यात एका राजाने भेट म्हणून सोन्याचा ससाणा पाठवला. अशी भेट राष्ट्राध्यक्षांची नसते, देशाची असते. तोच ससाणा गायब झाला होता.

सल्लागार थॉर्नटन वेल्डने सिनेटच्या चौकशी समितीला बंद दाराआड सांगितलं होतं की, त्या दुपारी आपण ससाणा साहेबांच्या खोलीत नेला, पाऊण तास बोललो आणि बाहेर येऊन तो विनिफ्रेडच्या टेबलावर ठेवला. विनिफ्रेड तेव्हा तळघरातल्या खाणावळीत होती, एका सहकाऱ्याच्या निरोपाचा केक कापायला. परत आली तर टेबलावर काहीच नव्हतं. वेल्डचं हे म्हणणं तिला समितीच्या प्रश्नांतूनच कळलं.

"मग राष्ट्राध्यक्षांनाच विचारायचं की, वेल्ड आला होता का," रूफस म्हणाला.

"तिथेच तर घोडं पेंड खातंय," विनिफ्रेड म्हणाली. "वकील म्हणतात, सल्लागाराशी झालेलं बोलणं सिनेटला मागता येत नाही. तो राष्ट्राध्यक्षांचा विशेषाधिकार. त्या दुपारच्या दिनचर्येची नोंदसुद्धा देणार नाहीत. शुक्रवारी समिती बसेल आणि माझ्या नावाला काळं फासेल."

"साहेबांना वाटतं का तू घेतलास?" लव्हिनियाने विचारलं.

"ते माझ्याशी बोलतच नाहीत. त्या दुपारचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात." तिने रुमाल काढला. "ते मला जास्त लागलं, लव्हिनिया."

राष्ट्राध्यक्ष एल्डन मॅब्री यांनी एक मात्र केलं. लव्हिनियाला आत येऊन कुणालाही विचारायची परवानगी दिली. अट एकच: माझ्या खोलीतलं बोलणं विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पश्चिमेकडच्या दाराशी पोचली. पांढरे हातमोजे घातलेला मरीन दलाचा सैनिक पुढे झाला आणि त्याने दार उघडलं. रूफस एवढा खूश झाला की त्याने उलट त्यालाच सलाम ठोकला. लव्हिनियाने त्याला कोपराने ढोसलं.

राष्ट्राध्यक्षांनी दोन मिनिटं भेट दिली. उंच, वाकलेला, आवडावा असा म्हातारा. विनिफ्रेडची तब्येत विचारली, उत्तर ऐकायच्या आतच नजर वळवली आणि जेवायला वरच्या मजल्यावरच्या राहत्या घरी निघून गेला.

वेल्ड आपल्या खोलीत बसला होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. राजाशी करार व्हावा म्हणून दोन वर्षं आपणच खेटे घातले, हे त्याने आल्या आल्या सांगितलं. मग त्या दुपारवर आला. आपण साहेबांच्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा दालनात सिनेटर टोलेफसन बराच वेळ ताटकळत बसले होते, त्यांनाच विचारा, म्हणाला.

"आणि साहेब काय म्हणाले ससाण्याबद्दल?"

"ते गोपनीय आहे, बाई. प्राण गेला तरी सांगणार नाही."

"एवढ्याशा पक्ष्यासाठी प्राण कशाला," लव्हिनिया म्हणाली आणि उठली.

बाहेर पडताना दारावर कुणीच नव्हतं. रूफसला ते जड दार स्वतः ओढावं लागलं. येताना पाहुणा आणि जाताना उपरा, असं तो पुटपुटला. लव्हिनिया पायरीवर थबकली, मागे वळून बघितलं आणि गालात हसली.

सिनेटर टोलेफसन नॉर्थ डकोटाचे, विरोधी पक्षाचे, नुकतेच निवडून आलेले. ससाण्याचं नाव काढताच उखडले. त्या दुपारी वेल्डला भेटायला आपण गेलो खरे, पण टेबलाकडे ढुंकूनही बघितलं नाही, म्हणाले.

"आणि ती काय माणसं! घरच्या जॅमच्या बरण्यांचं खोकं होतं माझ्या दोन्ही हातांत. दार पाठीने ढकलून आत गेलो, गोठ्यात शिरावं तसा. विरोधी पक्षाचा माणूस म्हटल्यावर कोण दार धरतंय? मग अर्धा तास बसवून ठेवलं. तेव्हा कुठे वेल्ड आला, म्हणे साहेबांशी पाऊण तास बोलत होतो."

रूफसला सिनेटरची फार दया आली. लव्हिनियाने मात्र जॅम कशाचा होता ते विचारलं, आभार मानले आणि रस्त्यात येताच व्हाइट हाऊसला फोन लावला.

संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत सगळे जमले. राष्ट्राध्यक्ष टेबलामागे, वेल्ड त्यांच्या उजव्या हाताला, सिनेटर सोफ्यावर अवघडून बसलेले. विनिफ्रेड उभीच राहिली.

"बाई, या खोलीतलं बोलणं मी सांगणार नाही," राष्ट्राध्यक्ष आधीच म्हणाले. "आज पक्ष्याचं सांगितलं तर उद्या युद्धाचं मागतील. मग मला खरा सल्ला कोण देईल?"

"अगदी बरोबर, साहेब. मी बोलणं विचारतच नाही. मी म्हणते, बोलणं झालंच नाही."

वेल्ड हसला, पण उशिरा.

"त्या दारावरचा सैनिक कुणाच्या पक्षाचा नसतो," लव्हिनिया सांगू लागली. "राष्ट्राध्यक्ष या कार्यालयात असतील तरच तो तिथे उभा राहतो आणि येईल त्याला दार उघडतो. आज सकाळी साहेब खाली होते, आमच्या रूफसलासुद्धा दार उघडून मिळालं. साहेब जेवायला वर गेले, सैनिक हलला, रूफसने स्वतः दार ओढलं. त्या दुपारी सिनेटरसाहेब पाठीने दार ढकलून आत आले. त्यांना वाटलं अपमान केला. अपमान नव्हता हो, दारावर माणूसच नव्हता. म्हणजे साहेब इथे नव्हते. आणि नेमकं तेव्हाच वेल्डसाहेब या खोलीत त्यांच्याशी बोलत होते म्हणतात. सिनेटरना साक्षीला त्यांनीच पुढे केलं."

"अरेच्चा," रूफस म्हणाला.

राष्ट्राध्यक्षांचा चेहरा पडला. "थॉर्नटन, तू समितीला असं सांगितलंस? वकील मला एवढंच म्हणाले की त्या दुपारबद्दल अवाक्षर काढू नका." ते खुर्चीत पुढे झुकले. "बरं, मी काय म्हणालो तुला? त्या ससाण्याबद्दल?"

"साहेब, ते... गोपनीय आहे."

"माझ्यापासून?"

मग हळूहळू वेल्डच्या तोंडून सगळं बाहेर आलं. करार त्याने घडवला, फोटोत मात्र साहेब आले. एक तरी वस्तू आपली असावी असं वाटलं. ससाणा त्याच्या घरी कपाटात होता. साहेब त्या दिवसाबद्दल तोंड उघडत नाहीत हे त्याला माहीत होतं, त्याच आडोशाला तो उभा राहिला.

"विशेषाधिकार पदाचा असतो," लव्हिनिया म्हणाली. "जिथे राष्ट्राध्यक्षच नाहीत तिथे तो कसला?"

वेल्डला बाहेर नेल्यावर राष्ट्राध्यक्ष विनिफ्रेडकडे वळले. आपण गप्प राहिलो ते निव्वळ तत्त्वासाठी नव्हे, हे त्यांनी कबूल केलं. कारण ऐकून सिनेटरांनी हसू लपवायला खोकल्याचं निमित्त केलं.

"मी समितीला पत्र पाठवतो, विनी. लिहून घेशील?"

विनिफ्रेड हलली नाही. "नाही, साहेब. पत्राने मी चोर ठरले नाही. चार माणसांसमोर ठरले. तुम्ही चार माणसांसमोर सांगा."

त्या खोलीत राष्ट्राध्यक्षांना नाही म्हणणारं माणूस फार दिवसांत आलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

शुक्रवारी सिनेटचं दालन खच्चून भरलं होतं. वकिलांनी विनवण्या केल्या, पक्षाच्या पुढाऱ्यांनी डोक्याला हात लावले. राष्ट्राध्यक्षाने समितीपुढे यायलाच हवं असं नाही, हे समितीच्या अध्यक्षांनी स्वतः त्यांना बजावलं. मला माहीत आहे, आणि माझा हक्क मी राखून आहे, फक्त एवढ्या एका दुपारचा सोडतोय, असं म्हणून मॅब्री पाण्याचा घोट प्यायले. अमेरिकेला रात्रंदिवस काम करणारा माणूस हवा, असं सांगत फिरून हा गडी निवडणूक जिंकला होता.

"मिस पील निर्दोष आहेत. मिस्टर वेल्ड मला भेटले नाहीत," ते म्हणाले. कान लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता. "मी त्या दुपारी वर पलंगावर झोपलो होतो. तीन तास."

दालनात हशा उसळला. मागच्या रांगेत विनिफ्रेड तेवढी रडत होती.