अर्धं दाबलेलं बटण

तो मोबाइल खाली ठेव आधी. अंधारात कसले फोटो काढतोस? आमची थोबाडं उजेडात बघवत नाहीत, आणि हा अंधारात काढतोय! लाइट येईल तेव्हा येईल. मी जन्मभर वायरमन होतो, मला विचाराल तर तासाभरात काही येत नाही. आणि फोटो काढताना चेहऱ्यावर ती चौकट येते ना तुमच्या मोबाइलमध्ये, ती मला नको. का नको? सांगतो. पण मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, आत्ताच सांगून ठेवतो.

ही माझी गोष्ट नाही. आमच्या ऑफिसात एक मीटर रीडर होता, त्याची आहे. त्याला सगळे फिरकी म्हणायचे, कारण दिसेल त्याची फिरकी घ्यायचा. साहेब असो, शिपाई असो, गेटवरचं कुत्रं असो, दोन शब्द बोलल्याशिवाय गडी पुढे सरकायचा नाही. क्वार्टर्समध्ये त्याची आणि माझी भिंत एकच. त्यामुळे त्याच्या घरातलं भांडं पडलं तरी मला कळायचं. घरात बायको, पाच वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर कुणीतरी उभं आहे एवढं दिसायचं तिला, कोण ते कळायचं नाही. ऑपरेशन थंडी संपल्यावर करू म्हणत होते. बायको पॅकिंगच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी.

तेव्हा ऑफिसनं नवीन फतवा काढला. नुसता आकडा लिहून आणायचा नाही, मीटरचा फोटो पाहिजे. का, तर हे लोक चहाच्या टपरीवर बसून आकडे टाकतात! आता टाकायचे काही जण, ते सोडा. तर प्रत्येकाला एक-एक कॅमेरा दिला. खिशात मावेल एवढा, चंदेरी रंगाचा. चालू केला की घुर्र करून नळी बाहेर यायची. कंपनीचा एक पोरगा शिकवायला आला. कोपरं पोटाशी घट्ट धरा, श्वास रोखा, उजेड पाठीमागे घ्या. आणि मुख्य म्हणजे बटण एकदम दाबायचं नाही. आधी अर्धं दाबा. जिथं नेम बसला तिथं हिरवी चौकट येईल. चौकट आली की मग पूर्ण दाबा. माणूस समोर असला तर चौकट आपोआप त्याच्या चेहऱ्यावर बसते, तुम्हाला काही करावं लागत नाही. फिरकी म्हणाला, ‘‘आमच्या साहेबांवर बसते का बघा बरं, त्यांचा चेहरा चार वर्षांत आम्हालाच सापडला नाही.’’ सगळे हसले. साहेबसुद्धा हसले, बिचारे.

पोरगा आणखी एक सांगून गेला होता. बटण अर्धं दाबून धरलं ना, की चौकट जिथल्या तिथं बांधली जाते. बोट सोडेपर्यंत हलत नाही. तेवढं ध्यानात ठेवा.

फिरकीच्या भागात एक घर होतं. बरेच दिवस बंद. तिथे कोण राहायचं, काय झालं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मीटर जिन्याखाली, अंधाऱ्या बोळात. एका सोमवारी भरदुपारी हा तिथे गेला, वाकला, बटण अर्धं दाबलं. चौकट मीटरवर येईना. शेजारी येते. जिन्याखालच्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या उंचीवर, नुसत्या अंधारावर. यानं सोडलं, परत दाबलं. परत तिथंच.

दुसरा कुणी असता तर काढता पाय घेतला असता. हा फिरकी! खाली वाकून म्हणतो कसा, ‘‘काय रे, लपाछपी चाललीय? असा कोपऱ्यात काय बसतोस? चल की आमच्या घरी, चिमणीशी खेळ.’’

संध्याकाळी ऑफिसात त्यानं हे सगळं नक्कल करून दाखवलं. कॅमेऱ्याला भिंतीवरचा डागसुद्धा माणूस वाटतो म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो.

त्याच रात्री चिमणीला ताप भरला.

साधा असेल म्हणून पहिल्या दिवशी गोळी दिली. उतरला, परत चढला. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, काही निघेना. पोरगी नुसती फणफणत होती. चिवचिव करणारं लेकरू ते, पण पडल्यापडल्या ‘पाणी’ म्हणायचीही ताकद राहिली नाही. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आजची रात्र बघू, सकाळपर्यंत उतरला नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवा. आणि मग मान खाली घालून उगाच काहीतरी लिहीत बसले. डॉक्टर असं करायला लागले ना, की समजून घ्यायचं.

बायकोची त्या आठवड्यात रात्रपाळी, रजा मिळाली नाही. जाताना दारातून तीनदा मागे आली. आई आतल्या खोलीत पडली होती. जानेवारीतला दुसरा शनिवार. थंडी मी म्हणत होती. फिरकी बाहेरच्या खोलीत चिमणीच्या खाटेला स्टूल लावून बसला, कपाळावर पट्ट्या बदलत. झिरोचा दिवा चालू होता. पुढचं सगळं त्यानं मला स्वतः सांगितलंय, नंतर, एकदाच. मी जसंच्या तसं सांगतो.

रात्री एक वाजून गेल्यावर चिमणीनं डोळे उघडले. म्हणाली, ‘‘बाबा, माझा फोटो काढ.’’ तिला फोटोचं भारी वेड. कॅमेरा टेबलावरच होता, सोमवारी ऑफिसात जमा करायचा म्हणून. याला वाटलं, चला, काहीतरी मागितलं तरी पोरीनं. यानं कॅमेरा घेतला. कोपरं पोटाशी धरली, बटण अर्धं दाबलं.

चौकट आली चिमणीच्या चेहऱ्यावर.

आणि एक दारापाशी.

कमरेएवढ्या उंचीवर.

यानं कॅमेऱ्यावरून नजर काढून दाराकडे पाहिलं. दार बंद. कडी लावलेली. तिथे काही नाही. चपला होत्या, बस. हा स्वतःशीच म्हणाला, झिरोच्या उजेडात गंडतोय कॅमेरा. चिमणी तोवर परत झोपली होती. यानं बोट सोडलं. पुन्हा दाबलं.

एक चिमणीवर. दुसरी टेबलापाशी.

पहिल्यापेक्षा मोठी.

बोट सुटलं. ते मुद्दाम नाही सोडलं, सुटलं. पुन्हा दाबलं… का दाबलं? अरे, बघितल्याशिवाय राहवेल का? कुठे आहे ते कळायला नको?

खाटेच्या पायथ्याशी.

चिमणीच्या पायांपासून… हातभर.

आता त्याच्या ध्यानात आलं. बोट सोडलं की ते पुढे येतं. दाबून धरलं की… थांबतं. जिथल्या तिथं. बांधल्यासारखं. शिकवणाऱ्या पोरानं सांगितलं होतं ना? तेच.

मग काय करणार? धरून बसला.

तुम्ही म्हणाल, पोरीला उचलून पळायचं. उचलायला दोन हात लागतात रे. कॅमेरा सोडायला लागतो. आणि दार त्या चौकटीच्या पलीकडे, खाट भिंतीला लागलेली. तुम्ही म्हणाल, ओरडायचं. पलीकडे मीच झोपलो होतो, वीतभर भिंतीआड! तो ओरडायला गेला. आवाज फुटेना. जन्मभर ज्याचं तोंड बंद झालं नाही, त्याचं त्या रात्री बंद झालं. नुसती हवा यायची घशातून. मनातल्या मनात विनवण्या केल्या त्यानं. मला ने. तिला सोड. मी बोलावलं होतं, माझी चूक, तिला काय कळतं… रडला. ढसाढसा रडला, म्हणाला, पण डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

बोटाला मुंग्या आल्या. मग बोट कळेनासंच झालं. दाबलंय का सुटलंय, ते फक्त चौकटीवरून कळायचं. कपाळावरची पट्टी वाळून गेली, ती बदलता येईना. पोरगी कण्हत होती. बाप हाताच्या अंतरावर बसलेला, आणि पाणी पाजता येत नाही.

आणि मग कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं.

लुकलुकायला लागलं.

तो बघत राहिला. दुसरं करणार काय? एवढा असहाय्य मी आयुष्यात कधी झालो नव्हतो, असं म्हणाला तो मला. लाल… बंद… लाल… बंद…

तेवढ्यात आतून पावलं वाजली. आई. भिंत चाचपत, पोरीचा ताप बघायला येत होती. उंबऱ्यात आली. डोळे बारीक करून बघायला लागली. आणि खाटेच्या पायथ्याशी येऊन थांबली.

‘‘अगं बाई,’’ म्हणाली, ‘‘उठून उभी काय राहिलीस? पाय गार पडतील ना!’’

फिरकीनं खाटेकडे पाहिलं. चिमणी तर खाटेवर होती. पांघरुणात. झोपलेली.

आईला खाली खाटेवरचं कुठलं दिसतंय? तिला समोर उभं होतं ते दिसत होतं.

‘‘बाबा दमलाय तुझा. त्याला नको उठवू. चल, आज्जीजवळ झोप.’’

आणि तिनं हात पुढे केला.

आई, ती चिमणी नाही… आई… हात नको लावू…

एक शब्द फुटला नाही.

घुर्र… नळी आत गेली. कॅमेरा बंद.

झिरोच्या उजेडात त्याला आईच दिसली फक्त. पाठमोरी. एका बाजूला जराशी वाकलेली. एक हात खाली सोडलेला, मूठ अर्धी मिटलेली. आणि चालत होती कशी? हळूहळू. अगदी छोटी छोटी पावलं टाकत. लहान मुलाला हाताला धरून नेताना टाकतो ना आपण, तशी.

आत गेली. गादीचा आवाज आला. पांघरूण सारखं केल्याचा आवाज आला. मग थोपटायला लागली. थप… थप… थप… मधूनच काहीतरी पुटपुटायची. उगी… झोप… आता नाही हं दुखायचं…

याला उठता येईना. पाय गेलेच होते. आणि पाय असते तरी, दादा, मी उठलो असतो का, असं त्यानं मला विचारलं. आत जाऊन आईला सोडवलं असतं, तर ते पुन्हा कुठे आलं असतं?

थप… थप…

कधीतरी चिमणीला घाम फुटला. दरदरून. केस ओले, फ्रॉक ओला. यानं कपाळाला हात लावला. गार. पाच दिवसांनी पोरीचं कपाळ गार लागलं. ती कूस बदलून शांत झोपली. मग याच्या ध्यानात आलं, आतलं थोपटणं थांबलंय.

पहाटे बायको कामावरून आली. दोन मिनिटांत तिची किंकाळी ऐकली मी. बनियनवरच धावलो. फिरकी स्टुलावर तसाच बसलेला, हातात बंद कॅमेरा, बोट अजून बटणावर. ते बोट नंतर त्याच्या बायकोनं आणि मी मिळून सोडवलं. चिमणी खाटेवर उठून बसली होती. मला म्हणाली, ‘‘काका, मला भूक लागली.’’

मी आतल्या खोलीत गेलो. म्हातारी कुशीवर निजलेली होती. गेलेली. चेहरा शांत. डॉक्टर आले, म्हणाले, हृदय बंद पडलं, चार-पाच तास होऊन गेले. मी तिचा हात नीट ठेवायला गेलो, तर तो गार, लाकडासारखा कडक झालेला. तो हात तिनं शेजारच्या रिकाम्या जागेवर टाकला होता. पांघरूणही निम्मं तिकडेच सारलेलं. कुणाला थंडी वाजू नये म्हणून सारतात तसं. आणि गादीला तिथे खळगा पडला होता. एवढासा.

वहिनी, म्हणजे फिरकीची बायको, दारात उभी होती. तिनं विचारलं, ‘‘भावजी, चिमणी रात्री इथं झोपली होती का?’’

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी आपला उगाच, पांघरूण सारखं करायला म्हणून, त्या खळग्यावर हात ठेवला. हाच हात. जानेवारीतली पहाट, खिडकी उघडी, शेजारी माणूस गार पडलेलं…

ती जागा तापलेली होती. कोमट नव्हे. चटका बसावा अशी. पाच दिवस तापानं फणफणलेलं पोर नुकतंच उठून गेल्यावर गादी लागते ना हाताला… तशी.