पहिल्या गिअरचा दोष

बावीस वर्षांनी बाबांनी थोरलीला घरी बोलावलं, आणि तेही गिअरबॉक्स बदलायला! निरोप धाकट्याने आणला होता. "जुन्या पिकअपला ऑटोमॅटिक बसवायचाय, ताई. क्लच नको, म्हणजे डाव्या पायाचं काम नाही. बाबा म्हणतात, काम तुझ्याच हातचं हवं." तिने हत्यारांची पेटी उचलली आणि ती शेडमध्ये शिरली. बाबा खुर्चीत बसलेले, विजारीचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला. कशी आहेस नाही, बस नाही… मान वर न करता ते एवढंच म्हणाले, "जुना उतरवलास की झाकण उघड. आतलं सगळं नीट बघ."

जो गिअरबॉक्स भंगारात जायचा, तो उघडून काय बघायचं? पण बाबांचा शब्द तिने याआधी एकदाच मोडला होता, असं सारं जग समजत होतं. पुन्हा मोडायची तिच्यात ताकद नव्हती.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अंगणातल्या उतारावर पिकअप पहिल्या गिअरमध्ये घालून उभी केलेली, कारण हँडब्रेक कधीचा नावापुरता उरला होता. बाबा पुढे भिंतीशी वाकून काहीतरी करत होते. गाडी घरंगळली, आणि त्यांचा पाय बंपर आणि भिंत यांच्यामध्ये सापडला… किंकाळी ऐकून धावत आलेल्या थोरलीला केबिनमधून उतरणारा भाऊ दिसला, पाच वर्षांचा, भीतीने पांढराफटक पडलेला. एवढ्याशा जिवाच्या माथी जन्मभर बापाच्या पायाचा दोष बसायला नको, हा एकच विचार तिच्या मनात आला आणि ती बोलून गेली, "मीच गिअर काढला."

त्या तीन शब्दांनी तिचं घर सुटलं. गाडी गिअरमध्ये आहे, हात लावू नकोस, असं बजावून सांगितलं असताना हात लावणारी मुलगी डोळ्यांसमोर नको, असं बाबांनी दवाखान्यातूनच कळवलं. ती परगावच्या गॅरेजात राबली, एकटीच राहिली, आणि आई गेली तेव्हा फाटकाबाहेर उभी राहून परत फिरली. गिअर ताईने काढला नव्हता, हे धाकट्याला ठाऊक होतं. त्याने आजवर स्टिअरिंगला हात लावला नव्हता आणि तोंडही उघडलं नव्हतं. त्याच्यावर आपला राग नाही, असं ती स्वतःला रोज सांगत असे.

दुपारपर्यंत मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सुटला, गिअरबॉक्स जॅकवरून खाली आला. तिने तो बाकावर घेतला, तेल काढलं, झाकणाचे बोल्ट सैल केले. आत गिअर जागच्या जागी धरून ठेवणारी करंगळीएवढी स्प्रिंग असते. पहिल्या गिअरची तीच स्प्रिंग मोडलेली होती! दोन्ही टोकं घासून घासून गुळगुळीत झालेली, म्हणजे कितीतरी दिवस मोडकीच चालवलेली. असा गिअर कुणी हात न लावताही निसटतो… म्हणजे भावाने काहीच केलं नव्हतं!

तिने झाकण उलटं केलं. तेल गळू नये म्हणून लावलेला कागद बाबांच्याच हातचा होता, कॅलेंडरच्या जाड पानातून कापलेला. तेलकट डागाखाली महिना आणि साल स्पष्ट वाचता येत होतं. अपघाताच्या आदल्याच महिन्याचं पान! त्यांनी हे झाकण उघडलं होतं, स्प्रिंग पाहिली होती, आणि पुन्हा बंद केलं होतं.

"काय दिसलं?" खुर्चीतून आवाज आला.

काही नाही, असं म्हणून सगळं भंगारात टाकता आलं असतं. पायाने अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसाला आता कशाला दुखवायचं? पण या वेळी तिची जीभ खोटं बोलायला वळली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"अपघाताच्या आधीपासून," बाबा म्हणाले. "नवी स्प्रिंग मिळेपर्यंत चालेल म्हटलं. टायरखाली रोज दगड लावायचो, त्या दिवशी राहिला. मग तू म्हणालीस मीच काढला, आणि मला… मला ते सोयीचं वाटलं गं. तोंडाने कधी सांगवेना. म्हटलं, तू उघडशील तेव्हा तुला दिसेल."

"आईला सांगितलंत?"

"नाही."

"म्हणजे ती मलाच दोष देत गेली?"

"दोष नाही दिला. रोज म्हणायची, पोरीला बोलवा. मीच नको म्हणायचो."

थोरली बाकाला टेकून खाली बसली. इतकी वर्षं ज्या दुःखाला ती त्याग समजून उराशी धरून बसली होती, ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं! तिने हाक मारून धाकट्याला बोलावलं. "आता त्यालाही सांगा. माझ्यासमोर."

बाबांनी सांगितलं. धाकट्याने ती मोडकी स्प्रिंग उचलून तळहातावर घेतली.

"मी फक्त हॉर्न दाबला होता," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, त्यानेच गाडी सुटली. मोठा झालो तसं वाटायला लागलं, गिअरचा दांडाही ओढला असेल… मग ताई उगाचच गेली, बाबा?"

"हो," बाबा म्हणाले. "उगाचच गेली."

थोरली उठली, चिंधीने हात पुसले आणि म्हणाली, "माफ केलं, असं आज माझ्याच्याने म्हणवणार नाही. पण नव्या गिअरबॉक्सला हा शाफ्ट लांब पडतो, तो कापून आणायला दोन दिवस जातील. तोवर मी इथेच जेवेन."

बाबांनी तोंड झाकून घेतलं. मग ओक्साबोक्शी रडत त्यांनी धाकट्याला आज तीन ताटं वाढायला सांगितलं.