मालधक्क्याचा पहिला खण

बलभीम सकाळी आठला मालधक्क्यावर पोचला तेव्हा नगरपंचायतीचा इंजिनिअर रणधीर कडुलिंबाच्या सावलीत मोटरसायकलवर बसून फोन बघत होता. बलभीमनं टेप, खडू, वही आणि पाण्याची बाटली एवढंच आणलं होतं. छत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्यावर माणसाला याहून जास्त काही लागत नाही. निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती, आणि बायको जाऊन पाच महिने.

सांगवी रोडला पूर्वी छोटी रेल्वे यायची. भोवतालच्या गावांची ज्वारी, करडई, कापूस इथून डब्यात चढायचा. मग रेल्वे रुंद झाली आणि नवा मार्ग दुसरीकडून गेला. रूळ उचलून नेले, पण मालधक्का राहिला. कमरेइतका उंच काळ्या दगडाचा लांबलचक ओटा, त्यावर सागवानी खांब, वर पत्रा, दोन्ही टोकांना दगडी भिंत. वीस वर्षांत वेड्या बाभळी ओट्याला टेकल्या आणि पारव्यांनी तुळया पांढऱ्या केल्या. अर्ध्या गावाला तो पाडून गाळे हवे होते, अर्ध्या गावाला तो आहे तसा ठेवायचा होता. आठ बैठका झाल्यावर तोड निघाली. अर्धा पाडायचा, अर्धा दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त केलेल्या भागात उन्हात बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना बसवायचं.

"जुन्या नकाशात बारा खण आहेत काका," रणधीर म्हणाला. "पश्चिमेचे सहा जातील, पूर्वेचे सहा राहतील. तुम्ही मोजून आराखड्यावर सही करा. तुमच्या मापावर दोन्ही पार्ट्यांचा विश्वास आहे."

"माझ्यावर कशाला?"

"तुम्ही दोघांशीही बोलत नाही, म्हणून."

बलभीमला हसू आलं नाही, पण राग पण आला नाही. पूर्वेचे सहा राहणार हे ऐकून त्याला बरं वाटलं होतं. पूर्वेकडचा अगदी पहिला खण मापाड्यांचा. धान्याचं माप घालणारे तिथं बसायचे. त्याचा सासरा श्रीपती मापाडी चाळीस वर्षं त्या खणात बसला, आणि त्याची मुलगी मुक्ता दहा वर्षांची असल्यापासून दुपारची भाकरी घेऊन तिथं यायची. सोलापूरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मुक्तानं एकदा विचारलं होतं, "धक्का पाडणार का हो?" बलभीम म्हणाला होता, "मला काय माहीत." त्यानंतर तिनं धक्क्याचं नाव काढलं नाही. तेवढं एक उत्तर नीट द्यायला हवं होतं असं त्याला हल्ली वाटायचं.

त्यानं पूर्वेच्या भिंतीपासून सुरुवात केली. दोन खांबांमधलं अंतर सोळा फूट. खांबावर खडूनं आकडा टाकायचा, तोंडानं म्हणायचा आणि पुढं जायचं. एक. दोन. तीन. पश्चिमेच्या भिंतीला हात लागला तेव्हा तोंडात अकरा होते.

तो परत आला आणि पुन्हा मोजलं. अकरा.

मग खाली उतरून त्यानं बाहेरच्या बाजूनं टेप लावला. एकशे ब्याण्णव फूट, म्हणजे बरोबर बारा खण. आतून मोजलं की एकशे शहात्तर.

"सोळा फूट कुठं गेले?" रणधीरनं वहीत डोकावून विचारलं. "भिंतीची जाडी धरली का?"

"एवढी जाड भिंत नळदुर्गला असेल. ही दीड फुटाची आहे."

रणधीरनं मान खाजवली. "अकराच असतील तर घोळ आहे काका. गाळ्यांना सहा खण लागतातच, निविदा निघाली. मग ठेवायला पाचच उरतील. तुम्ही सावकाश बघा. सोमवारी सही करू."

बलभीम घरी आला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. घर गावाच्या कडेला होतं, त्यानं स्वतः आखलेलं, तीन खोल्या एकामागं एक, उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत तीस फूट. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि त्याला तागाच्या पोत्यांचा वास आला. घरात एकही पोतं नव्हतं. फळीखाली ज्वारीचे मूठभर दाणे पडले होते. त्यानं ते झाडून घेतले आणि उंदरांचा पिंजरा लावला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर बिराप्पा येऊन बसला होता. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, जन्मभर इथं हमाली केलेली. श्रीपतीचा जावई म्हणून तो बलभीमला अजून जावईबापूच म्हणायचा.

"जावईबापू, सासरवाडी मोजायला आलाव व्हय? आता काय हुंडा ऱ्हायला का?"

"अकराच खण भरतात, काका."

बिराप्पा काठी टेकत उठला आणि पूर्वेच्या भिंतीपाशी गेला. मान वर करून तुळईकडं बराच वेळ बघत राहिला.

"आकडा कुठं हाय?"

"खांबावर टाकलाय की. हा काय."

"त्यो न्हाय. लोखंडाचा. काटा टांगायचा. मनगटायेवढा जाड आकडा व्हता पयल्या खणात." म्हातारा वळला. "ह्यो पयला खण न्हाय. ह्यो दुसरा हाय. श्रीपतीचा खण कुठं गेला?"

बलभीमनंही वर बघितलं. पारवे घुमत होते.

"मोजताना काय म्हनलाव तुमी?"

"काय म्हणणार? एक, दोन, तीन."

बिराप्पा ओट्याच्या कडेला हळूच बसला. "हितं कुनी एक म्हनत न्हाय, जावईबापू. लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन. एक म्हनलं की ते पयलं माप मोजणाऱ्याच्या घरी जातंय."

"ती बोलायची पद्धत झाली. मुक्ता पण म्हणायची."

"मुक्तीच्या तोंडून कधी एक ऐकलंव का?"

बलभीमनं आठवून बघितलं. सदतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पिठाची मापं, वाळत घातलेल्या सांडग्यांच्या ओळी, नातवाच्या शाळेची पुस्तकं, सगळं लाभपासून सुरू व्हायचं. दवाखान्यात ती गोळ्या हातावर घ्यायची आणि म्हणायची, लाभ, दोन, तीन. एकदा तो चिडून म्हणाला होता, एक म्हटल्यानं तोंड भाजतं का तुझं? ती म्हणाली होती, मापाड्याची लेक आहे मी, तुमच्यासारखी सरकारी न्हाय.

"सोपं हाय," बिराप्पा म्हणाला. "ह्या टोकापून पुना मोजा. तोंडानं लाभ म्हना. येतंय परत."

बलभीमनं टेप गुंडाळला. "उद्या मोजतो. ऊन झालंय."

घरी आल्यावर त्यानं आधी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या तुळईला लोखंडाचा आकडा होता, मनगटाएवढा जाड. त्याला गंज चढलेला होता, पण जिथं काटा टांगत असतील तेवढी आतली बाजू घासून चकचकीत झाली होती.

त्यानं टेप काढला. टोक उंबऱ्याच्या खिळ्याला अडकवलं आणि जमिनीवरून मागच्या भिंतीपर्यंत नेलं. सेहेचाळीस फूट. डोळ्यांना स्वयंपाकघर नेहमीएवढंच दिसत होतं. ओटा, फळी, माठ, सगळं जागच्या जागी. तो उन्हात गेला आणि घर बाहेरून मोजलं. तीस फूट.

त्यानं दोन्ही मापं वहीत लिहिली आणि खाली तारीख घातली. सवयच तशी होती.

मग आत येऊन तो ओट्याशी उभा राहिला, आणि मागच्या भिंतीपलीकडून ज्वारी ओतल्याचा आवाज आला.

"लाभ."

पुन्हा ज्वारी.

"दोन. तीन."

मुक्ताचाच आवाज होता. मापाड्यांच्या चालीत, प्रत्येक आकडा थोडा लांबवलेला, नाकातून. अकरापर्यंत गेला आणि थांबला. भिंतीपलीकडं मोकळं रान होतं आणि त्यात एक शेळी चरत होती.

त्या दिवसापासून बलभीम दुपारी बाराच्या आत घरी यायला लागला. भात करायचा, ताट घ्यायचं आणि मागच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. तो काही विचारायचा नाही. तिकडूनही दुसरं काही यायचं नाही. लाभपासून अकरापर्यंत, बस. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचं जेवण ताटात उरेनासं झालं.

सोमवारी रणधीर आराखडा घेऊन आला. बिराप्पाही आला होता. धुरपदाबाई भाजीची पाटी घेऊन ओट्याखाली उभी होती. तिला आपली जागा कुठं येणार ते बघायचं होतं.

"माझ्यासमोर एकदा मोजा काका," रणधीर म्हणाला. "मला वरती उत्तर द्यायचंय. बारा भरले तर चांगलंच आहे. या बायकांना एक खण जास्त मिळेल."

"भरतील की," बिराप्पा म्हणाला. "लाभ म्हना, जावईबापू."

बलभीम पूर्वेच्या भिंतीपाशी गेला. खांबावर त्याचाच खडूचा आकडा होता. तेवढा शब्द बोलला की श्रीपतीचा खण जागेवर येणार होता. मुक्ता भाकरी घेऊन यायची ती जागा पत्र्यासकट, आकड्यासकट राहणार होती. तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर झालं असतं.

आणि घर पुन्हा तीस फुटांचं झालं असतं.

बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"एक," बलभीम म्हणाला.

बिराप्पानं मान खाली घातली. बाकीचे दहा बलभीमनं भरभर मोजले, वहीत अकरा लिहिले आणि आराखड्यावर सही केली. छत्तीस वर्षांत त्यानं खोटं माप लिहिलं नव्हतं. हेही खोटं नव्हतं. तिथं अकराच होते.

तो पायऱ्या उतरत होता तेव्हा म्हातारा मागून म्हणाला, "साऱ्या गावाचा खण घरात ठिवलाव. मुक्तीला तरी गोड वाटंल का ते?"

बलभीम थांबला नाही. उशीर होत होता.

महिन्याभरात पश्चिमेचे सहा खण पाडून झाले. पाच राहिले, त्यांना नवा पत्रा आला, खांबांना तेल लावलं. काम चांगलं झालं असं दोन्ही पार्ट्या म्हणाल्या. बायका आपापल्या पाट्या घेऊन बसल्या. धुरपदाबाईला जागा पुरली नाही. ती पूर्वेच्या भिंतीबाहेर, उन्हात, डोक्यावर पदर ओढून बसली. बाहेरून बघणाऱ्याला तिथं भिंतीच्या आत आणखी एक खण असेल असं वाटायचं.

बलभीम तिच्याकडून कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आला. भात टाकला. ताट घेतलं. भिंतीला पाठ लावून बसला.

बारा वाजले. ज्वारी ओतल्याचा आवाज आला नाही.

तो थांबला. भातावरची वाफ गेली. वर आकडा हलल्यासारखा कुरकुरला, जसा जड काही टांगल्यावर कुरकुरतो.

मग भिंतीपलीकडून, अगदी त्याच्या कानामागून, मुक्ता म्हणाली,

"एक."

खोलीत मोजण्यासारखा तो एकटाच होता. बलभीम बराच वेळ दोनची वाट बघत बसला.