तापेरामामा पळाला नव्हता

रात्र नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अंधार हवा असतो. माझ्याकडे तो नाही. ऑक्टोबर १९९७. अंगवा नदीचं खोरं. दुपारी साडेबारा ते दीड. रायफलीच्या नळीला हात लागला तर फोड यावा, असं ऊन.

हे खरं घडलेलं आहे. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, गरिकाईच्या बाबतीत. मी जन्मभर शाळेत पुस्तकं वाटली, बंदूक कधी धरली नाही. सांगताना काही चुकलं तर ती चूक माझी. त्याने मात्र तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही.

पण सुरुवात त्याच्या आदल्या वर्षी झाली.

गरिकाई परदेशी पाहुण्यांना शिकारीला न्यायचा. परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला, आणि आमच्या खोऱ्यातला पहिला परवानेवाला. माग काढायला त्याचा सख्खा मामा, तापेरा. सव्वीस वर्षं मामा दुसऱ्यांच्या रायफलीपुढे चालला होता. हातात फक्त काठी, आणि वारा बघायला राखेची पुरचुंडी.

नियम साधा. माग काढणारा पुढे, रायफलवाला मागे. जनावर अंगावर आलं की माग काढणाऱ्याने डावीकडे एक पाऊल टाकायचं आणि उभं राहायचं.

पळायचं नाही. पळणारा नळीच्या आड येतो.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका सकाळी तंबूबाहेरच्या टेबलावर दोन रायफली होत्या. चारशे अठ्ठावन्न बोअरची मोठी आणि तीनशे पंचाहत्तरची मधली. मामा चहात सादझाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गार गोळा बुडवून खात होता.

"आज कुठली घेतोस?"

"मधली."

"पाहुण्याकडे काय आहे?"

"मधलीच."

"वा! दोन पातेली झाली. पीठ कोण आणणार?"

"मामा, रानरेड्याला मधली चालते. कायद्यात आहे तसं."

"कायद्यात आहे रे. रेड्याने वाचलाय का तो?" मामाने बोटं चाटली. "ऐक, भाच्या. पाहुण्याची रायफल मारण्यासाठी असते. तो लांबून, टेकून, दम खाऊन मारतो. त्याला मधलीच बरी. खांद्याला सोसते, नेम लागतो. तुझी रायफल मारण्यासाठी नसते, थांबवण्यासाठी असते. मधलीनेही रेडा मरतो. पण आपण मेलोय हे त्याला कळायला वेळ लागतो. तेवढ्यात तो येऊन पोचतो... माझ्यापर्यंत. तुझ्यापर्यंत नाही. पुढे मी असतो."

"जी नीट मारता येते तीच खरी रायफल. मोठी घेऊन नेम चुकवायचा का?"

हेही खोटं नव्हतं. कुठल्याही शिकाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

पण गरिकाईचं कारण वेगळं होतं. परीक्षेत मोठीने खांद्यावर असा दणका दिला होता, की तेव्हापासून ती हातात आली की चाप ओढण्याआधीच त्याचा डोळा मिटायचा. हे कुणाला माहीत नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

मामा हळूच म्हणाला, "डोळा मिटत असेल तर सांग. आपण आज रेडा सोडून देऊ. पाहुण्याला सांगू, माग हरवला. बदनामी माझी होईल."

"काहीतरीच काय, मामा!"

त्याने मधली उचलली. आदल्या दिवशी हरणासाठी भरलेल्या मऊ नाकाच्या गोळ्या तिच्यात तशाच होत्या. हाड फोडणाऱ्या भरीव गोळ्या खोक्यात राहिल्या.

अकरा वाजता पाहुण्याने रेडा जखमी केला. रेडा काटेरी जाळीत शिरला. पाहुण्याला दुसऱ्या माग काढणाऱ्यापाशी, फानुएलपाशी, बाहेर ठेवून मामा-भाचे आत गेले.

आठ पावलांवरून रेडा उठला.

गरिकाईने गोळी मारली. शिंगांच्या बुडाशी कपाळावर हाड असतं, दगडासारखं. मऊ गोळी तिथे चुरा झाली.

रेडा थांबला नाही.

मामा डावीकडे एक पाऊल सरकून उभा होता. नियमाप्रमाणे.

दुसऱ्या गोळीने रेडा मेला. तोवर मामा गेला होता.

चौकशीत गरिकाईने लिहून दिलं, माझ्याकडे चारशे अठ्ठावन्न होती. माग काढणारा घाबरून पळाला आणि नळीच्या आड आला.

हरणाच्या गोळ्यांचं कुणाला कळलं नाही, परवाना वाचला. गावात मात्र मामाचं नाव पडलं पळपुटा. त्याचा मोठा मुलगा बापाच्या जागी काम मागायला गेला, तर शिकारीच्या कंपनीतल्या माणसाने हसून विचारलं, "पळायला किती जोरात येतं?"

आता पुढचा ऑक्टोबर.

पाहुणा होता नॉर्वेचा. आस्लाक, लाकडाच्या वखारीचा मालक, मोठ्या मनाचा माणूस. सकाळी त्याने दोन रायफली पुढे केल्या. "यातली कुठली नेऊ?"

"मधली न्या," गरिकाई म्हणाला. "तुमची मारण्यासाठी. माझी थांबवण्यासाठी."

फानुएल गाडीत पाण्याचे डबे भरत होता. आता पुढे चालायचं काम त्याचं होतं.

"छान वाक्य आहे, बॉस," तो म्हणाला. "तुमचंच ना?"

गरिकाईने मोठी उचलली. वर्षभर त्याने मोठीचा सराव केला होता. खांदा काळानिळा पडला होता. भरीव गोळ्या त्याने दोनदा तपासून भरल्या.

साडेबाराला आस्लाकची गोळी जरा मागे लागली. रेडा कुठे शिरला?

त्याच जाळीत.

अर्धा तास थांबायचं असतं. जखमी जनावर जड पडू द्यायचं असतं. फानुएलने तपकीर ओढली. एक चिमूट जमिनीवर सोडली, आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी सोडतात तशी.

मग दोघं आत शिरले.

पन्नास पावलं गेल्यावर गरिकाईच्या लक्षात आलं...

किड्यांची किरकिर थांबली होती.

ऑक्टोबरच्या दुपारी ती थांबत नाही. कान किटतात, डोकं दुखतं, पण थांबत नाही. त्या दिवशी थांबली. पक्षी नाही. माशी नाही. स्वतःच्या श्वासाचाही आवाज येईना.

फानुएलने वारा बघायला हात उचलला... आणि तसाच ठेवला.

त्याने पुरचुंडी अजून झटकलीही नव्हती.

तरी समोर, दहा हातांवर, राखेचा एक पुंजका हवेत तरंगत होता.

खाली बसत नव्हता.

"बॉस," फानुएल कुजबुजला. "आपल्या पुढे कोण गेलंय?"

"कुणी नाही."

"मग हे बघा."

जमिनीवर रेड्याचा ताजा माग होता, रक्त ओलं होतं. आणि त्या मागावर, रक्तावर पाय देत गेलेले, माणसाच्या चपलांचे ठसे. ट्रकच्या टायरची चप्पल. डावी टाच आतून झिजलेली. तिची नक्षी खोऱ्यातला प्रत्येक माग काढणारा ओळखत होता.

ती चप्पल मामाबरोबर पुरली होती.

"परत जाऊ," गरिकाई म्हणाला.

"जखमी रेडा मागे सोडून? उद्या इथे बाया लाकडं तोडायला येतील." फानुएलने त्याच्याकडे पाहिलं नाही. "चला, बॉस. आज तर मोठी आहे ना हातात?"

ठसे सरळ गेले होते. बारा पावलं. तेरावं डावीकडे.

तिथे दोन ठसे होते, शेजारी शेजारी. चवडे खोल रुतलेले. त्यापुढे काही नाही. मागे वळलेलं काही नाही.

फानुएल वाकला. पुस्तकातली ओळ वाचावी तसा सावकाश म्हणाला, "हा माणूस पळत नाहीये. हा उभा आहे."

"फानुएल..."

"गेल्या वर्षीही हेच वाचलं होतं मी. इथेच. तुम्ही पाणी प्यायला गेला होतात तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"चार पोरं आहेत मला. तुम्ही का नाही बोललात?"

आणि रेडा उठला.

सहा पावलं. फानुएल समोरच होता, वळायलाही वेळ नव्हता. गरिकाईने मोठी खांद्याला लावली. चारशे अठ्ठावन्न. भरीव गोळी. सगळं बरोबर निवडलेलं.

डोळा मिटला.

गोळी झाडात गेली.

त्याने डोळा उघडला तेव्हा फानुएल मरायला हवा होता. पण रेडा त्याच्या अंगाला घासून बाजूला वळला होता. डावीकडे. त्या दोन ठशांकडे. तिथे कुणी नव्हतं. रेड्याने मान खाली घातली आणि त्या रिकाम्या जागेला शिंग मारलं. एकदा. दोनदा. उचललं, आपटलं, गुडघे टेकून रगडलं...

आणि तिथून आवाज आला.

किंकाळी नव्हे. माणूस जड ओझं खाली ठेवताना सोडतो तसा, एकच हुंकार. गरिकाईने तो आधी एकदा ऐकला होता.

दुसरी गोळी लागली. रेडा तिथेच कोसळला.

लगेच किडे किरकिरू लागले.

मग फानुएलने खाली बसून दोन्ही हातांनी आपलं पोट चाचपलं, आहे ना म्हणून.

"बॉस," तो म्हणाला, "रेड्याने मारलं कुणाला?"

त्या संध्याकाळी गरिकाई मामीकडे गेला. तेकलामामी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"मामी... मामा पळाला नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. "मला काय सांगतोस? सव्वीस वर्षं भांडले मी त्याच्याशी. भांडणातसुद्धा जागचा हलायचा नाही तो."

"माझ्याकडे मधली होती. मी खोटं लिहून दिलं."

"हे झाडाखाली सांग. गावप्रमुखासमोर, सगळ्या गावासमोर. माझ्या पोराला पळपुट्याचं पोर म्हणतात, त्यांना सांग. मला ऐकवून तुझं पोट हलकं करू नकोस."

"सांगतो, मामी. येत्या रविवारी."

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी परवान्याचं नूतनीकरण होतं. मग पाऊस लागला. मग मामी वारली. मुलगा दूर करोई शहराकडे कुणाच्या तरी मळ्यावर निघून गेला, परत आला नाही.

त्याला नऊ वर्षं झाली.

गरिकाई अजून शिकारीला जातो, मोठी घेऊन. फानुएलने काम सोडलं. नव्या माग काढणाऱ्यांपैकी कुणी वर्षभर टिकत नाही. ते कारण सांगत नाहीत, पण गरिकाईला ते ठाऊक आहे. दर ऑक्टोबरला ते दोन ठसे एकदा दिसतात. शेजारी शेजारी, चवडे रुतलेले. त्या वर्षी ते जाळीत होते. मग नदीच्या पात्रात. मग तंबूमागे. मग गावाच्या वाटेवर. तोंड नेहमी त्याच्याकडे.

मला हे त्याने गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "मग आता तरी सांगून का टाकत नाहीस?"

तो म्हणाला, "आता ऐकणारं कोण उरलंय?"

गाव तर सगळं आहे. पण मी वाद घातला नाही. मला कधीच जमला नाही तो.

निवृत्त झाल्यापासून मी बहिणीकडेच राहतो. ती रोज उजाडताना अंगण झाडते. आमच्याकडे झाडलेल्या अंगणावर पहिलं पाऊल कुणाचं, हे घरातल्या बाईला बरोबर कळतं. गेल्या गुरुवारी ती चुलीच्या झोपडीकडची बाजू झाडून परत आली आणि थबकली.

"दादा, इथे कोण येऊन उभं राहिलं होतं?"

मी बाहेर आलो. दोन ठसे. येताना पावलं नाहीत, जाताना नाहीत. चवडे दाराकडे.

गरिकाई दारात उभा होता. त्याने ठशांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोलायचं त्याने होतं. तो बोलला नाही.

मी बोलू शकलो असतो. वाक्य तयार होतं, तीनच शब्दांचं.

"कुणी नाही गं," मी म्हणालो. "झाड तू."

तिने झाडलं.

आजही तिचं झाडून झालंय, खराट्याचा आवाज मघाशीच थांबला. ती काही विचारत नाहीये. अंगणात काहीच आवाज नाही...

मी अजून दार उघडलेलं नाही.