रिकाम्या चौकटीतलं आमंत्रण

खऱ्या प्रेमाला जगातली कुठलीही भिंत अडवू शकत नाही. लाचेझारचं प्रेम मात्र ईमेलच्या रिकाम्या चौकटीत अडकलं, आणि तेही छापून दारावर लागलं.

मावशीचं पुस्तक परत करायला तो बाल्कन पर्वताच्या पायथ्याच्या त्या गावातल्या वाचनालयात शिरला, तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. आत ग्रंथपाल स्नेझिना संगणकावरच्या वाचकांच्या यादीशी भांडत बसली होती. सगळी नावं बारीक अक्षरांत!

"एवढंच ना? एक खूण टाकली की सगळी मोठी दिसतील," तो म्हणाला.

"म्हणजे नावं बदलतील?"

"छे. आत आहे तसंच राहतं. नुसतं दिसणं बदलतं."

"तुम्ही पण तसेच का? दिसायला हुशार, आत..."

तो हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्याही. मावशीकडे एवढी पुस्तकं कुठली? शनिवारी सुट्टी संपून तो वार्ना शहरात परतणार होता, आणि मनातलं अजून मनातच होतं.

बुधवारी स्नेझिना चहा आणायला गेली. यादीतल्या तिच्या स्वतःच्या नोंदीत ईमेल नव्हता. ईमेलची चौकट रिकामी असेल तर तिथे काय दिसावं, ते लाचेझारनं घाईघाईनं लिहून टाकलं: 'शुक्रवारी पाचला चौकातल्या मिठाईच्या दुकानात माझ्याबरोबर कॉफी घ्याल? — लाचेझार.' ती परतली, तेव्हा हा गडी कानापर्यंत लाल होऊन खिडकीबाहेर बघत होता.

एवढा हुशार माणूस एक गोष्ट विसरला — दिसणं एका नोंदीचं नाही, अख्ख्या रकान्याचं बदलतं. आणि गावात ईमेल नसलेले त्रेसष्ट वाचक होते! स्नेझिनानं न बघताच यादी छापली आणि रिवाजाप्रमाणे दारावर लावली.

शुक्रवारी पाचला लाचेझारच्या टेबलाभोवती एकोणीस आज्या होत्या. त्सोन्का आजींनी तर लिपस्टिक लावली होती.

"चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही रे," त्या म्हणाल्या. "माझं हो आहे."

तेवढ्यात दार उघडलं. स्नेझिना! हातात यादी, केसांत पावसाचे थेंब.

"त्रेसष्ट जणांना विचारलंत. मला कधी विचारणार होतात?"

"तुमच्यासाठीच तर... तुमच्या चौकटीत होतं ना."

"चौकटीत काहीच नव्हतं. ते नुसतं दिसत होतं. आत काय आहे, ते सांगा."

एकोणीस चमचे थांबले.

"आत..." त्यानं कप बाजूला ठेवला. "मला तू आवडतेस, स्नेझिना. उद्याची गाडी सोडून द्यावी म्हणतोय."

तिनं त्याच्या शेजारच्या खुर्चीवरची छत्री उचलून खाली ठेवली, तिथे बसली आणि त्याच्याच कपातली कॉफी प्यायली.

"परवाचीही सोड," ती हळूच म्हणाली.

आज्यांनी डोळे पुसले. त्सोन्का आजींनी मोठा सुस्कारा सोडला.

"झालं ना तुमचं? मग ते साखरेचं भांडं जरा इकडे सरकवा."