बदली आली का?

वाट पाहणं हे काम नव्हे, असं ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं सणाचा एक दिवस तरी त्या फोनच्या घंटेसमोर बसून काढायला हवा होता.

तेरणेकाठच्या त्या पाणीपुरवठा सोसायटीचा कायदा साधा होता. सुट्टीच्या दिवशी वायरमननं खोलीत हजर राहायचं. विहिरीवरचा पंप बिघडून फोन वाजला, तर अर्ध्या दिवसाचा पगार. नाही वाजला, तर "बसूनच तर होतास!" आणि बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

आधीच्या वायरमननं, हणमंतप्पानं, नऊ दिवाळ्या अशा फुकट घालवल्या. दहाव्या दिवाळीच्या पाडव्याला, बदलीची वाट बघत, तो खुर्चीतच गेला. कानावर अर्धी बिडी, मांडीवर खाकी पिशवी. घंटा वाजली नव्हती, म्हणून त्या दिवसाचंही बायकोला काही मिळालं नाही.

आज पुन्हा पाडवा, आणि त्याच खुर्चीत नवा वायरमन सिद्धेश्वर. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. तामलवाडीला सासरी बायको नीलम्मा दारात उभी असेल. दोनला बदली येणार होती, तीनला एसटी.

बाहेर दुष्काळाची पांढरी दुपार. नदीत पाणी नाही, झाडावर पाखरू नाही. सगळं गाव आपापल्या घरी. खोलीत मात्र बिडीचा वास होता. सिद्धेश्वर बिडी ओढत नसे.

एक वाजता घंटा वाजली.

पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. अर्धा दिवस तरी पदरात पडला! विहिरीवर श्रीपती होता, दसऱ्याला लागलेला नवा राखणदार. तोच असणार. पण पलीकडचा आवाज थकलेला, घोगरा होता.

"बदली... आली का?"

पाळी संपवणारा हे विचारतो आणि येणारा ठरलेलं उत्तर देतो. तेवढ्यानं जागा एकाची दुसऱ्याची होते. रोजच्या सवयीनं सिद्धेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "आलो. मोकळे व्हा."

पलीकडे कुणीतरी लांब श्वास सोडला. मग काहीच नाही.

दोन वाजले. तीन वाजले. लांबून एसटीचा हॉर्न आला आणि विरला. त्याला उठायचं होतं, पण खुर्ची सुटेना.

चारच्या सुमाराला श्रीपती दारात आला.

"फोन कशाला केला होतास?"

"म्या? अवो, विहिरीवरला फोन दसऱ्यापासनं दुरुस्तीला गेलाय की."

सिद्धेश्वरनं दाराबाहेरच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं. "माझी बदली... वाटेत दिसली का?"

"बदली न्हाय दिसली. एक म्हातारं भेटलं, खाकी पिशवीवालं, कानावर बिडी. लई खुशीत व्हतं, घरला निघालो म्हनलं. आन् तुमाला निरोप दिलाय... खुर्चीचा डावा हात ढिला हाय, जपून बसा म्हनलं."