पडद्यामागचा हुंकार

त्या दिवशी आमच्या ट्रेलरमध्ये फरशा होत्या. पांढऱ्या, बाथरूमच्या, एका नव्या इस्पितळासाठी. दुपारी बारापर्यंत पोचायचं होतं आणि आम्ही वेळेच्या चांगले पुढे होतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर सगळे म्हणाले, घाईत झालं असेल. घाईत नाही झालं. रागात झालं.

तू आणि तुझा नवरा आता जोडीनं गाडीवर जाणार, म्हणून सांगते. नाहीतर मी हे कुणाला सांगत नाही. दिवा राहू दे, मालवू नकोस.

नवरा-बायको गाडीवर असली की एक चालवतो, एक झोपतो. सीटच्या मागे झोपायची फळी आणि मध्ये जाड पडदा. लोकांना वाटतं, काय मजा आहे, चोवीस तास बरोबर! अगं, कसलं बरोबर. अकरा वर्षांत यांच्या तोंडापेक्षा मी तो पडदाच जास्त पाहिला. आमचा सगळा संसार आवाजावर चालायचा. यांना मी मास्तर म्हणायची. गाडी यांनीच शिकवली आणि शिकवताना खेकसलेही मास्तरांसारखेच.

मास्तरांचा एक नियम होता. गाडी कुठेही थांबली, की निघण्याआधी पडद्यात हात घालून झोपलेल्याचा पाय चाचपायचा. जोडीच्या गाडीवर हे हमखास होतं. झोपलेला मध्येच उठून गुपचूप खाली उतरतो आणि चालवणारा त्याला आत समजून निघून जातो. "बायकोला रस्त्यावर विसरून आलेला ड्रायव्हर मी पाहिलाय," ते सांगायचे. "तिनं पुढे महिनाभर त्याला बिनमिठाचं जेवायला घातलं." दर वेळी हे ऐकवून स्वतःच हसायचे.

आदल्या संध्याकाळी आमचं चांगलंच वाजलं होतं. आमची मुलगी शाळेसाठी माझ्या बहिणीकडे राहायची. फोनवर ती सहज बोलून गेली की आता ती मावशीलाच आई म्हणते. काळजात चर्र झालं माझ्या. मी म्हटलं, बस झालं, आता गाडी सोडू. हे म्हणाले, अजून दोन वर्षं. मी म्हटलं, दोन वर्षांनी ती आपल्याला काका-काकू म्हणेल. त्यावर यांनी सरळ पडदा ओढून घेतला. मग अबोला.

सकाळी सहा-सव्वासहाला आम्ही एका उघड्या माळावर होतो. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की बोनेटच्या पुढचं काही दिसेना. मागे ताडपत्रीचा दोर सैल होऊन फटफट वाजत होता. मी गाडी कडेला घेतली, उतरले, दोर आवळला, एकेक टायर ठोकून पाहिला. असतील पाच-सात मिनिटं. परत वर चढले. पडदा बंद. पाय चाचपायला हात उचलला आणि कालचं आठवलं. म्हटलं, मी कशाला आधी हात लावू? नुसतं विचारलं, "आहात ना?"

"हूं," आतून आवाज आला.

मी गाडी काढली.

अर्धा तास तसाच गेला. मग केबिनमध्ये वास यायला लागला. ओल्या गवताचा, चिखलाचा. काचा बंद होत्या, हीटर चालू होता. मला वाटलं, माझ्याच बुटांना चिखल लागला असेल. तेवढ्यात पडद्यामागे कण्हल्यासारखं झालं.

"काय हो, थंडी वाजतेय?"

"...वाजतेय."

"मग घ्या की पांघरूण."

मग, "...सापडत नाहीये."

मी हसले गं. खरंच हसले. "डोक्याखाली घेऊन झोपला असाल," म्हटलं. "शोधा म्हणजे सापडेल." यांचा आवाज जरा खोल वाटत होता, विहिरीतून बोलल्यासारखा, पण झोपेतला माणूस तसाच बोलतो. अबोला सुटला याचाच मला आनंद. राग माझा असाच, दुधासारखा उतू जातो आणि मग नुसतं भांडं घासायचं उरतं.

"थांबू का? चहा घेऊ कुठेतरी?"

"...नको."

"बरं नाही का वाटत?"

"...चालव तू. थांबू नकोस."

मग मीच बोलत सुटले. धुक्यात मन कसं मोकळं होतं बघ, समोर काही दिसतच नसतं. मुलीचं बोलले. ती लहानपणी स्टेअरिंगवर डोकं ठेवून झोपायची ते बोलले. काल तोडून बोलले त्याबद्दल माफीही मागितली. अकरा वर्षांत कधी मागितली नव्हती. हे मध्ये मध्ये "हूं" म्हणत होते. शेवटी मी विचारलं, "जाऊया मग तिच्याकडे?"

"...तू जा."

"आणि तुम्ही?"

"...येतो. मागून."

एवढ्यावर मी सुखावले. डोळे भरून आले माझे. इतकं गोड आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. नऊनंतर आतून हुंकार यायचे थांबले. लागला असेल डोळा, म्हटलं, आणि गाडी आणखी सावकाश चालवायला लागले, धक्के बसू नयेत म्हणून.

इस्पितळाच्या फाटकाशी पोचल्यावर पडदा सारला. पांघरूण घडी घालून उशीवर ठेवलेलं. यांचा फोन चार्जरला लावलेला. चपला नव्हत्या. फळीवर हात ठेवला तर ती गार पडलेली. रात्रीपासून तिथे कुणी झोपलंच नव्हतं इतकी गार.

मी तशीच हात ठेवून उभी होते आणि माझा फोन वाजला.

फोन माळाकडच्या दवाखान्यातून होता, यांच्या खिशातल्या लायसन्सच्या पाकिटात माझा नंबर होता. मी मागे दोर आवळत होते तेव्हा हे दुसऱ्या दारानं लघवीला उतरले असणार. गाडी निघालेली पाहून मागे धावले असतील. धुक्यात मागून कुठलीतरी गाडी आली, यांना उडवून निघून गेली, आणि हे रस्त्याकडेच्या चरात पडले. डॉक्टर म्हणाले, नऊ-सव्वानऊपर्यंत जीव होता. "वेळेवर कुणी उचललं असतं तर..." म्हणाले.

आता तू म्हणशील, मरणाऱ्या माणसाचा जीव बायकोत अडकला, तो बोलला असेल. मीही पहिले काही दिवस तेच धरून बसले. पण पहिला हुंकार? तो आला तेव्हा हे पलीकडे उभे होते, धडधाकट. मग मला "हूं" कोण म्हणालं?

बरं, एवढ्यावर राहिलं असतं तरी मी सोसलं असतं. तेराव्या दिवसानंतर मी त्या माळावर गेले. यांना उचलणारा तिथला दूधवाला होता, सायकलवर दूध घालणारा. त्याचे पाय धरायचे होते मला. तर तोच माझ्या पायाशी बसला आणि रडायला लागला.

"माझं चुकलं, ताई. सातला मी तिथूनच गेलो. चरातून बोलणं ऐकू येत होतं. धुक्यात दिसलं काही नाही. पण नवरा-बायको वाटली. थंडी वाजतेय का, पांघरूण घ्या की... बाई हसलीसुद्धा. म्हटलं, बसली असतील कुणी दोघं विसाव्याला. बाई बरोबर आहे म्हटल्यावर मी कशाला थांबू?"

"कोण बाई?" मी विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"आवाज तुमचाच होता, ताई. आत्ता ऐकला म्हणून सांगतो."

नऊ वाजून गेल्यावर तो परत आला. तेव्हा गड्याचा आवाज नव्हता, नुसता बाईचा होता. त्याला चमत्कारिक वाटलं म्हणून तो खाली उतरला. चरात हे एकटेच होते. उचलायला त्यानं खांद्याखाली हात घातला, तर अगदी कानाशी बाई म्हणाली, "उठवू नका त्यांना. आत्ताच झोपवलंय मी."

त्या सकाळी मी पुष्कळ बोलले होते. त्यातला शब्दन् शब्द आठवतो मला. हे वाक्य मी बोलले नव्हते.

गाडी अजून मीच चालवते. पण एकदा आत बसले की तोंड उघडत नाही. फोन घेत नाही, गुणगुणत नाही, मुलीशीसुद्धा बोलायचं झालं तर खाली उतरून बोलते. माझा आवाज गाडीतून निघाला, की कुठे जाऊन कुणाशी बोलत बसतो, मला माहीत नाही.